नऊ नोकऱ्या झाल्या, आता दहावी कोण देणार?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा ३१ वर्षांचा, मूळचा लातूरकडचा, २०१५ ला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्याजवळ चाकणला आला आणि आता मोशीत भाड्याने राहतो. दहा वर्षांत नऊ नोकऱ्या, सगळ्या क्वालिटी इन्स्पेक्शनच्या. सहा महिन्यांपासून घरी आहे. इंटरव्ह्यूला बोलावतात, पण रेझ्युमे बघून एचआरवाले "स्टॅबिलिटी दिसत नाही" म्हणून परत पाठवतात. वडील एसटीत कंडक्टर होते, ३३ वर्षं नोकरी करून रिटायर झाले, त्यांचं म्हणणं "तुझं बूड एका ठिकाणी टेकतच नाही". बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला जाते, तिच्या पगारावर घर चाललंय. एक मित्र म्हणतो ६ हजार दे, मागच्या दोन-तीन नोकऱ्या जोडून एकाच कंपनीचं एक्स्पीरियन्स लेटर बनवून आणतो. चुलतभाऊ म्हणतो गावाला ये, पशुखाद्याचं दुकान टाकू. त्याचा प्रश्न असा: "ताई, काही नोकऱ्या लपवू का? लेटर घेऊ का? की माझ्यातच काही खोट आहे आणि गावाला गेलेलं बरं?" (ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्यात.)

---

तुला अरे-तुरेच करते, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे.

आधी माझ्याबद्दल एक सांगते म्हणजे पुढचं कुठून बोलतेय ते कळेल. मी १७ वर्षं भोसरी-चाकणच्या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांत पर्सोनेलला होते, नंतर त्याला एचआर म्हणायला लागले, काम तेच. म्हणजे तुला परत पाठवणाऱ्या खुर्चीत मी बसलेली आहे आणि तुझ्यासारखी पोरं मी परत पाठवलेली आहेत, काही वेळा बरोबर आणि काही वेळा चक्क आळसाने, कारण टेबलावर ऐंशी रेझ्युमे असतात आणि दुपारी जेवायच्या आत पंधरा काढून द्यायचे असतात.

तेव्हा माझी एक सवय होती. पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक नोकरीपुढे समासात नुसते महिने लिहायचे. कंपनीचं नाव नाही, पोस्ट नाही, फक्त महिने. तुझ्या पत्रावर काल रात्री तेच केलं. १२, ७, ७, २६, ५, ३१, ५, ११, ४. आता याच्यापुढे अजून एक अक्षर लिहायचं, कोणी सोडलं, "तू" का "ते". हे मात्र मी तेव्हा कधी केलं नाही, वेळच नसायचा, आणि खरं सांगायचं तर तिथेच तुझ्यासारख्यांवर अन्याय होतो.

पहिली १२ महिन्यांची, नीम ट्रेनी म्हणून, म्हणजे सरकारी योजनेतला शिकाऊ. ट्रेनिंग संपलं, संपलं. त्यात तू काय सोडलंस? पुढची दोन सात-सात महिन्यांची, कॉन्ट्रॅक्टरकडून. चाकणला राहिलेल्या माणसाला सात महिन्यांचा अर्थ सांगावा लागत नाही पण बाहेरगावचे वाचतायत म्हणून सांगते, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम भरलं की ती सलग सेवा धरायचे, मग माणसाला असंच काढता येत नसे, नोटीस द्या भरपाई द्या. म्हणून कॉन्ट्रॅक्टर काय करायचा तर २४० भरायच्या आत ब्रेक द्यायचा. पोरगं कामाला चांगलं असो नाहीतर वाईट, सातव्या महिन्यात गेटपास जमा. आणि हेच पोरगं पुढे इंटरव्ह्यूला गेलं की समोरचा विचारणार, सात महिन्यांत का सोडलं? मी पण विचारलंय, लाज वाटते आता.

चौथी भोसरीची, २६ महिने, गेली ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्या वर्षी गाड्यांची विक्री पार बसली होती, आमच्याकडे तर आठवड्यातून दोन-दोन दिवस लाइन बंद, आणि लहान व्हेंडरकडे, म्हणजे मोठ्यांना पार्ट पुरवणाऱ्यांकडे, तर शिफ्टच काढून टाकल्या. पाचवी ५ महिन्यांची, मार्च २०२० ला संपली. यावर काही बोलायलाच नको.

म्हणजे नवातल्या पाच नोकऱ्या तू सोडल्याच नाहीत. तरी तू पत्रात लिहितोस "मी पहिल्यापासूनच धरसोड करत आलोय". हे तुझं वाक्य नाहीये, हे वडिलांचं वाक्य आहे आणि तू ते घोकलंयस. त्यांचं चुकतंय असं नाही म्हणत मी, त्यांच्या काळात एकदा महामंडळाची ऑर्डर हातात पडली की माणूस डेपोचा झाला, मग साहेब खडूस असो नाहीतर ड्युटी मुक्कामाची असो, सोडायचा प्रश्नच नाही. ते त्या मापाने मोजतात. तुला पहिल्या पाच वर्षांत अशी ऑर्डर कोणी दिलीच नव्हती की जी तू सोडशील. एकदा हे महिने कागदावर मांडून त्यांना दाखव, भांडू नको, नुसतं दाखव. कंडक्टर माणूस आहे, हिशेब त्यांना कळतो.

आता उरल्या चार. आणि इथे मी तुझी बाजू घेणार नाही.

सहावी नोकरी, चाकणचीच, ३१ महिने, तुझी सगळ्यात चांगली. कंपनीची बस, कँटीन, घर बारा किलोमीटरवर. ती तू जून २०२३ ला सोडलीस रांजणगावसाठी, का तर अडीच हजार जास्त. मी जरा हिशेब केला, रागावू नको. मोशी ते रांजणगाव जाऊन-येऊन ८५-९० किलोमीटर तरी पडतं, बाइक ५०चं अ‍ॅव्हरेज देते धरलं तर रोज पावणेदोन लिटर, तेव्हाच्या भावाने १८० रुपयांच्या वर, महिन्याचे २६ दिवस म्हणजे साडेचार हजारांच्या पुढे. अडीच हजार वाढवायला तू साडेचार हजार घातलेस, वर कँटीनचं जेवण गेलं, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेबाराला मरकळच्या रस्त्याने एकटा बाइकवर. पाच महिन्यांत दमलास यात नवल काय. तू लिहितोस "तिथलं वातावरण जमलं नाही". वातावरणाला कशाला दोष देतोस, अंतर जमलं नाही.

हा अडीच हजारांचा प्रकार एकट्या तुझा नाही. आमच्या पट्ट्यात पोरं दीड हजारासाठी गेट बदलतात, मोबाइलवर ग्रुपमध्ये मेसेज येतो "अमुक कंपनी २३ देतेय" की चाललेच. कोणी विचारत नाही की २३ हजार म्हणजे हातात का सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा सगळा खर्च धरून), पीएफ दोन्ही बाजूंचा त्यातूनच कापणार का, बस आहे का, ओव्हरटाइम सिंगल का डबल. जॉइन झाल्यावर पहिला पगार आला की कळतं, मग पुन्हा ग्रुप बघणं सुरू.

आठवी तळेगावची, ११ महिने, क्वालिटी मॅनेजरशी भांडण होऊन तू डबा उचललास आणि निघून आलास, नोटीस नाही, कामावरून मोकळं केल्याचं रिलीव्हिंग लेटर नाही. नववी ४ महिने, वडिलांचं ऑपरेशन, तू १८ दिवस गावाला, फोन करून कळवलं म्हणतोस पण लेखी काही नाही, परत गेलास तर गेटवरूनच परत पाठवलं. म्हणजे बघ, तीन शेवटच्या नोकऱ्या मिळून २० महिने. आणि रेझ्युमे वरून खाली वाचतात. समोरच्याला आधी ४, ११, ५ दिसतात, तुझे ३१ आणि २६ पान उलटल्यावर, आणि पान कोणी उलटत नाही.

तर खोट आहे का तुझ्यात? मला जे दिसतं ते असं की तू वैतागलास की बोलत नाहीस, निघून येतोस. मॅनेजरशी काय झालं होतं ते तू चार ओळीत लिहिलंयस आणि त्या चारही ओळीत तू त्याला काय म्हणालास ते कुठेच नाही. गेटवरून परत पाठवलं तेव्हाही तू आत एचआरला फोन लावला नाहीस. दुसऱ्या दिवशी परत गेला नाहीस. हे शिकता येतं रे, पण ते दहाव्या नोकरीत शिकायचंय, गावाला पळून नाही.

लपवायचं का

सरळ सांगते, रेझ्युमे ही जाहिरात असते आणि अ‍ॅप्लिकेशन फॉर्म हे तुझ्या सहीचं निवेदन असतं. या दोन्हीत लोक गल्लत करतात. रेझ्युमेमध्ये काय ठळक दाखवायचं ते तू ठरव, त्यात खोटेपणा नाही. पहिल्या तीन नोकऱ्या वेगवेगळ्या तीन परिच्छेदांत लिहायची गरजच नाही, एकाच ओळीत "२०१५ ते २०१७, ट्रेनी व कॉन्ट्रॅक्ट नेमणुका, तीन कंपन्या, इनकमिंग व लाइन इन्स्पेक्शन" एवढं बास. पुढच्या प्रत्येक नोकरीखाली सोडण्याचं कारण तीन शब्दांत, "मंदीमुळे कपात", "लॉकडाउन". न विचारता लिहायचं, म्हणजे शंका यायच्या आत उत्तर मिळतं. पण जॉइनिंगच्या वेळी फॉर्म भरशील त्यात नऊच्या नऊ, तारखांसकट.

कारण लपत नाही. पीएफ कापला गेलाय त्या प्रत्येक कंपनीचं नाव तुझ्या यूएएनखाली (पीएफचा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्टरीत पडलेलं आहे, आणि बऱ्याच कंपन्या हल्ली त्याचा स्क्रीनशॉटच मागतात. मित्राने आणलेल्या लेटरवर जानेवारी २०२४ ते एप्रिल २०२५ एकच कंपनी आणि पीएफमध्ये दोन भलत्याच, हे जुळवायला हुशार माणूस लागत नाही, मी माझ्या ट्रेनी मुलीला अर्ध्या तासात शिकवलं होतं. तेव्हा पकडला गेलास तर नोकरी मिळणार नाही, आणि जॉइन झाल्यावर सहाव्या महिन्यात व्हेरिफिकेशनमध्ये सापडलास तर दहावी नोकरी सहा महिन्यांची. शिवाय खोटा शिक्का, खोटी सही म्हणजे पोलिसात जाणारी गोष्ट आहे. सहा हजार वाचव, त्याचा उपयोग मी खाली सांगते.

त्या सर्व्हिस हिस्टरीत आधी तू स्वतः एकदा शीर. कॉन्ट्रॅक्टर लोक पोरगं गेल्यावर बाहेर पडल्याची तारीखच भरत नाहीत, मग कागदोपत्री तू एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला दिसतोस आणि एचआरला वाटतं हा काहीतरी लपवतोय. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ती तारीख आपली आपल्याला पोर्टलवर भरता येते, आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे एवढंच. आणि घर चालवायला पीएफ काढायचा विचार असेल तर जरा थांब, सगळी खाती एकत्र ट्रान्सफर करून घे. पेन्शनसाठी १० वर्षांची सर्व्हिस लागते ती वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून धरतात, पण पेन्शनचे पैसे काढून घेतले की तेवढी वर्षं गेली. ग्रॅच्युइटी तुला अजून कुठेच मिळालेली नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

तळेगावचं लेटर

हे सगळ्यात आधी कर. अवघड वाटेल, पण तू समजतोस तितकं नाही. कंपनीला तुझ्याशी वैर नाही, एचआरच्या पोराला तुझा चेहरा पण आठवत नसेल, त्याच्या एक्सेलमध्ये तू "नोटीस रिकव्हरी पेंडिंग" अशी एक ओळ आहेस, म्हणजे न दिलेल्या नोटीसचे पैसे वसूल व्हायचेत. मेल टाक, चार ओळींचा, मी अमुक तारखेपर्यंत होतो, नोटीस न देता गेलो ही चूक झाली, हिशेब करून जे निघेल ते भरतो, रिलीव्हिंग लेटर द्यावं. आणि आठवड्याने प्रत्यक्ष जा. महिन्याच्या एक ते सात तारखेत जाऊ नको, पगाराची मारामार असते, कोणी बघणार नाही. बारा-पंधराच्या आसपास, सकाळी अकरा वाजता, पहिला चहा झाल्यावर. तुझ्या अडकलेल्या पगारातून नोटीस वळती करून वर काही भरावं लागलं तर ते सहा हजार आहेतच. तो मॅनेजर दिसला तर नमस्कार कर आणि पुढे हो, खुलासे करत बसू नको.

विचारलं तर काय सांगायचं

तू लिहिलंयस की "नोकऱ्या का बदलल्या" विचारलं की तू दहा-दहा मिनिटं बोलतोस, आईशपथ, तिथेच हरतोस. माणूस जेवढा लांब खुलासा देतो तेवढा समोरचा मागे टेकून बसतो. साधारण एवढंच बोल: "सर, पहिल्या पाच जागा कॉन्ट्रॅक्ट, मंदी आणि लॉकडाउनमध्ये गेल्या. मग एका ठिकाणी ३१ महिने होतो, तिथलं काम दाखवतो. ते सोडून लांब गेलो, प्रवासाचा हिशेब केला नाही, ती चूक माझी. तळेगावला नोटीस दिली नव्हती, ते नंतर मिटवून लेटर घेतलंय. शेवटच्या ठिकाणी वडिलांच्या ऑपरेशनमुळे रजा लेखी दिली नाही. आता घरापासून अर्ध्या तासाच्या आतलीच नोकरी बघतोय." आणि गप्प बस. पुढचा प्रश्न त्याला विचारू दे. घरी बायकोसमोर म्हणून बघ, लाजू नको, लॅबमध्ये रोज शंभर लोकांशी बोलते ती, कुठे अडखळलास ते बरोबर सांगेल.

एचआरची भीती काय असते ते पण समजून घे. त्याला तू आवडला नाहीस असं नसतं. किती माणसं आली किती गेली हा आकडा दर महिन्याला त्याच्या बॉसपुढे जातो, आणि तू तीन महिन्यांत गेलास की "याला कोणी घेतलं होतं?" हा प्रश्न त्याला येतो. त्यामुळे "मी टिकेन" असं नुसतं म्हणून उपयोग नाही, टिकायचं कारण द्यायला लागतं. घर जवळ आहे, बायकोची नोकरी इथेच आहे, मुलगी बालवाडीत आहे. ही कारणं त्याला पटतात, "मला शिकायची आवड आहे" नाही पटत.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ, जी तू अशीच जाता जाता लिहिलीस. सहाव्या नोकरीत एका पार्टच्या कस्टमर कंप्लेंट महिन्याला ६-७ यायच्या, तू आणि तुझ्या सुपरवायझरने मापायचं गेज बदलून आणि चेकशीट बदलून त्या १-२ वर आणल्या. अरे, हे पत्राच्या शेवटून तिसऱ्या ओळीत का? हे रेझ्युमेत नावाखाली पहिलं पाहिजे! आणि "टीमवर्कने रिजेक्शन कमी केलं" असं गुळमुळीत लिहू नको. पार्ट कुठला, दोष कुठला, काठाला राहिलेली बर, चुकलेलं डायमेंशन का क्रॅक, गेज आधी कुठलं होतं नंतर कुठलं, किती महिन्यांत फरक पडला. तक्रारीचं मूळ आणि उपाय लिहायचा तो एट-डी रिपोर्ट तू भरायचास ना? मग तसं लिही. क्वालिटीचा माणूस ते चार आकडे वाचून तुला ओळखेल, नऊ नोकऱ्या मग दुसऱ्या पानावर जातात.

म्हणूनच मी म्हणेन मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर अर्ज टाकत बसण्यापेक्षा ५०-६० माणसांच्या व्हेंडरकडे जा. भोसरी, कुदळवाडी, चाकणच्या आतल्या गल्ल्या. तिथे मालक स्वतः इंटरव्ह्यू घेतो आणि त्याचं दुखणं वेगळं असतं, त्याला पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे गेज तपासल्याच्या, फायली अर्धवट आहेत. तिथे तुझे महिने कोणी मोजत नाही, फाइल पूर्ण करशील का विचारतात. पगार हजार-दोन हजार कमी मिळेल, घे. पण जायच्या आधी पीएफ कापतात का, पगार कुठल्या तारखेला, अपॉइंटमेंट लेटर देणार का हे विचारून घे, आणि मनाशी २४ महिने धर. २४ झाल्याशिवाय तो ग्रुप म्यूट. 'महास्वयं' या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवून ठेव, रोजगार मेळाव्याला जा, हरकत नाही. आणि जॉइनिंगच्या आधी जो कन्सल्टन्सीवाला गणवेशाचे, मेडिकलचे, रजिस्ट्रेशनचे म्हणून पैसे मागेल त्याच्या ऑफिसातून पाणी पण न पिता बाहेर पड.

हे फक्त शॉपफ्लोअरवाल्यांचं दुखणं नाही बरं का. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची पत्रं मला येतात, दर जूनला नवी नेमणूक आणि वर्ष संपलं की सुट्टी, सहा वर्षांत पाच कॉलेजं. नवऱ्याच्या बदल्यांमुळे चार शहरांत चार ऑफिसं केलेल्या बायकांची येतात. त्यांनीही आधी ते अक्षर लिहावं, कोणी सोडलं, आणि एकसारख्या नेमणुका एका ओळीत बांधाव्यात. फक्त ज्या खरोखर आपण सोडल्या त्यांच्याबद्दल स्वतःशी थापा मारू नयेत.

दुकानाबद्दल थोडंच बोलते. पशुखाद्यात पैसा आहे, उधारी पण आहे, तुला दोन्ही माहीत असेल, माझ्यापेक्षा जास्त. दुकान करावंसं वाटत असेल तर जरूर कर, पण मग चुलतभावाकडे दोन महिने नुसता बसून बघ, गल्ल्यावर आणि वसुलीला. आत्ता तू ज्या सुरात लिहिलंयस त्यात दुकान कुठे दिसत नाही, फक्त एचआर नको असं दिसतं. आणि बायकोची लॅबची नोकरी तू त्या बेतात धरलीच नाहीस, अर्ध्या ओळीत "ती येईल" म्हणून मोकळा झालास. तिला विचारलंस?

बाकी त्या सहाव्या नोकरीतल्या सुपरवायझरना फोन केलास का, हे तू लिहिलं नाहीस, म्हणजे केला नसशील. तिकडून निघताना ते नाराज झाले होते म्हणतोस, अडीच वर्षं होत आली त्याला, माणूस विसरतो. नोकरी मागू नको लगेच, विचार की तो पार्ट अजून चालतो का, कंप्लेंट किती येतात, आणि मग म्हण की रेझ्युमेत तुमचं नाव रेफरन्सला देऊ का. सेकंड शिफ्टला असतील तर दोनच्या आत लाव, नंतर फोन लॉकरमध्ये असतो.